भावाचे आवाज थांबले, पण डोकं पूर्वीसारखं का चालत नाही? (जनुकं, आकलन आणि सायकोसिस)

गॉलवेकरीण
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुभूद्याघ्या.

माझा धाकटा भाऊ आता ३१ चा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आवाज ऐकू यायला लागले, रूममेट जेवणात काहीतरी घालतात असं वाटायला लागलं, पुढचं सगळं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. निदान स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या आणि गेली सहा वर्षं आवाज नाहीत, संशय नाही, गोळ्या स्वतःच्या स्वतः घेतो. डॉक्टर म्हणतात छान आहे. पण तो छान नाहीये हो. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, गिऱ्हाईकाने तीन वस्तू सांगितल्या की दुसरी आणेपर्यंत तिसरी गेलेली असते. पूर्वी हा मुलगा कॅरमच्या मॅचचे स्कोअर वर्षभर लक्षात ठेवायचा. मामा सरळ म्हणतो "आळशी झालाय, लाडावून ठेवलाय". आई म्हणते "गोळ्यांनी मेंदू बधिर झाला".

मी आयर्लंडला गॉलवेत असते. इथल्या विद्यापीठात गॅरी डॉनोहो म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत, आधी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात होते. त्यांचा सगळा अभ्यास नेमका ह्याच गोष्टीवर आहे, म्हणजे सायकोसिसमध्ये (भास-भ्रम होणाऱ्या आजारांत) स्मरणशक्ती, लक्ष, समोरच्याच्या मनातलं ओळखणं हे का बिघडतं आणि त्यात जनुकांचा हात किती. मी त्यांचे पेपर वाचायला घेतले, निम्मं डोक्यावरून गेलं. एका पेपरात तर असं दिसतंय की आजाराचा धोका वाढवणारं जनुक ज्या पेशंटमध्ये आहे त्यांची स्मरणशक्ती उलट बरी!! हे कसं काय?

तर प्रश्न: (१) हा विसरभोळेपणा आजाराचा भाग आहे, गोळ्यांचा, की खरंच आळस? (२) जनुकांच्या ह्या संशोधनातून माझ्या भावाला काही मिळणार आहे का, की नुसतेच पेपर?

फुरसुंगीकर
आधी हे सांगा, गॉलवे की गॅलवे? नाहीतर धागा तिथेच घसरायचा.

गॉलवेकरीण
गॉलवे. आणि हो, आत्ता पाऊस पडतोय. पुढचा प्रश्न हाच असतो म्हणून आधीच सांगितलं.

सुमेध७१
ताई, तुमचं मामाचं वाक्य वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला ठेवलं. माझ्या मुलाला सोळा वर्षं झाली आजाराला. पहिली पाच वर्षं मीच तो मामा होतो. सकाळी दहाला उठतो म्हणून पांघरूण ओढायचो, भाजीची यादी विसरला म्हणून परत पाठवायचो, एकदा तर "ढोंग करतोस" म्हणालो. नंतर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात जायला लागलो, तिथे पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि आपल्यासारख्या घरच्यांना शुभंकर. पहिल्या दिवशी मला ते शब्द जरा अतीच गोड वाटले होते. पण "माझा पेशंट" आणि "माझा शुभार्थी" म्हणताना आवाज वेगळा लागतो हे खरंय. ही संस्था कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी उभी केली, त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला बापाचं उत्तर: आळस नाही. आळशी माणूस आळस एन्जॉय करतो. माझा मुलगा तीन वस्तू विसरून आला की दारात उभा राहून रडायचा.

चिंगी
सुमेधकाका _/\_

मनकवडी
मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, सर्वसाधारण लिहिते.

आपल्याकडे स्किझोफ्रेनिया म्हटलं की आवाज आणि संशय एवढंच डोळ्यासमोर येतं कारण तेच शेजाऱ्यांना ऐकू जातं. पण आजाराचे तीन भाग धरा. एक, भास आणि भ्रम. दोन, उत्साह, बोलणं, भावना आटणं. तीन, आकलन, म्हणजे लक्ष, स्मरण, कामाचा वेग, नियोजन, आणि दुसऱ्याचा चेहरा वाचणं. गोळ्या पहिल्यावर चांगल्या चालतात, तिसऱ्यावर जवळजवळ नाहीच. पहिली गोळी १९५२ साली आली तेव्हापासून हीच परिस्थिती आहे. आणि गंमत बघा, नोकरी टिकते का, माणूस एकटा राहू शकतो का, हे पहिल्यापेक्षा तिसऱ्यावर जास्त ठरतं. "आवाज नाहीत म्हणजे छान आहे" ही डॉक्टरची व्याख्या झाली, दुकानातल्या गिऱ्हाइकाची नाही.

चाचण्या घेतल्या तर गटाची सरासरी निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा साधारण एक प्रमाण विचलन खाली येते. म्हणजे शंभर निरोगी माणसं हुशारीप्रमाणे रांगेत उभी केली तर आजार असलेला सरासरी माणूस मागून सोळाव्याच्या आसपास. सरासरी हां! काही जण पार पुढेही असतात. आणि ही घसरण पहिल्या झटक्याच्या आधीपासून असते. न्यूझीलंडमध्ये डुनेडिनला हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केलाय, त्यात ज्यांना पुढे हा आजार झाला ती मुलं सात ते तेरा वयातच काही चाचण्यांत मागे होती, एकाही गोळीच्या आधी. त्यामुळे आईंचं "गोळ्यांनी मेंदू बधिर झाला" हे पूर्ण खरं नाही.

पूर्ण खोटंही नाही. अंग थरथरणं, आखडणं थांबवायला बऱ्याच जणांना सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. ती गोळी स्मरणशक्तीवर परिणाम करते, आणि आपल्याकडे ती एकदा सुरू झाली की प्रिस्क्रिप्शन कॉपी होत होत वर्षानुवर्षं चालू राहते. भावाच्या चिठ्ठीवर आहे का बघा आणि असेल तर अजून गरज आहे का हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केली तरी त्रास होतो.

गॉलवेकरीण
आहे!!!! आत्ता आईकडून चिठ्ठीचा फोटो मागवला. दहा वर्षांपासून आहे.

पॉपकॉर्नवाला
वाचनखूण साठवली. चांगला धागा. अजून कोणी धर्म, जात, सरकार आणलेलं नाही हे विशेष.

खवट_आजोबा
मी आणतो की. आमच्या वेळी असले आजार नव्हते. एकत्र कुटुंब होतं, कामाला लावायचे, मुलगा ठीक व्हायचा. आता प्रत्येक गोष्टीला जनुक. आळसाचं जनुक, रागाचं जनुक, उद्या बायकोशी भांडायचं जनुक निघेल.

फुरसुंगीकर
आजोबा, ते निघालंय, आमच्या घरात दोन्ही बाजूंनी आहे.

निळावंती
आजोबा, तुमच्या वेळीही होते. "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून मागच्या खोलीत ठेवायचे, नाहीतर अंगात येतं म्हणून एखाद्या दर्ग्याला, देवस्थानाला साखळीने बांधायचे. आणि कामाला लावलं की ठीक होतो म्हणता त्यात दोन आणे खरं आहे, त्यावर नंतर लिहिते.

मी स्वतः शुभार्थी आहे. ह्या आयडीखाली कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते. वय ४३, शाळेत शिकवत होते, आता घरून अनुवादाची कामं करते.

गॉलवेकरीण, तुमच्या भावाला आतून काय होतं ते सांगू? तुम्ही मोबाईलवर गाणं ऐकताय आणि नेट स्लो आहे, गोल गोल फिरतंय, तसं. माणूस बोलतो ते ऐकू येतं, शब्द कळतात, पण पहिलं वाक्य लोड होईपर्यंत तो तिसऱ्यावर गेलेला असतो. मग आपण "हो हो" म्हणतो. मग तो म्हणतो ऐकलंस ना? आपण परत हो म्हणतो. मला आवाजांची कधी लाज वाटली नाही एवढी ह्या हो हो ची वाटते. आवाज गेले तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की आमटीला आधी फोडणी की आधी डाळ.

चिंगी
काय लिहिलंयस गं. बास.

लॅबउंदीर
अनुवंशशास्त्रात पीएचडी करतोय, त्यामुळे जनुकांचा भाग माझा. जरा लांबण लागेल.

आधी कुटुंबाचे आकडे. लोकसंख्येत आयुष्यभरात साधारण शंभरात एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर नऊच्या आसपास. एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला जुन्या अभ्यासांत चाळीस-पन्नास टक्के, डेन्मार्कच्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासात ३३ टक्के. म्हणजे जनुकं शंभर टक्के तीच असूनही निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्या जुळ्याला होत नाही. जनुकं आहेत, पण पत्रिका नाही.

आता "ते एक जनुक" शोधायची गोष्ट. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर लोकांनी हुशारीने अंदाज करून एकेक जनुक पकडलं. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा निचरा करणारं सीओएमटी घेतलं, २००१ साली त्याचा कार्यकारी स्मृतीशी (काम करताना गोष्टी घडीभर डोक्यात धरून ठेवणं) संबंध दाखवला, जगभर धुमाकूळ, नंतर मोठे सॅम्पल आले आणि हवा गेली. त्या काळातले निम्मे पेपर आता घरात लपवून ठेवावेत असे आहेत. मग अंदाज सोडून अख्खा जनुकसंच चाळायला सुरुवात झाली. २००८ साली झेडएनएफ८०४ए हे दुसऱ्या गुणसूत्रावरचं जनुक त्यातून वर आलं. २०१४ साली ३६,९८९ पेशंट घेऊन जनुकसंचात आजाराशी संबंध असलेल्या १०८ जागा सापडल्या. २०२२ साली ७६,७५५ पेशंट, २८७ जागा.

डॉनोहोंचा तुम्ही म्हणता तो पेपर २०१० चा असणार. आयर्लंडमधले २९७ पेशंट आणि जर्मनीतले २५१. पेशंटमध्ये झेडएनएफ८०४ए चं धोक्याचं रूप असणाऱ्यांची प्रसंगस्मृती (घडलेलं, ऐकलेलं नंतर आठवणं) आणि कार्यकारी स्मृती तुलनेने बरी निघाली. निरोगी लोकांत हा फरक दिसला नाही. आणि कमी बुद्ध्यांकाचे पेशंट वगळले तर त्या जनुकाचा आजाराशी संबंध आणखी घट्ट झाला.

विचित्र वाटतं पण असं बघा. पुण्याहून मुंबईला जायला जुना घाटरस्ता पण आहे आणि एक्सप्रेसवे पण आहे. दोन्हीकडून माणूस दादरलाच पोचतो पण वाटेत गाडीचं काय होतं ते वेगळं. सायकोसिसला पोचायच्या वाटा अनेक आहेत, काही वाटा स्मरणशक्ती तुडवत जातात, काही तिला फारसं न दुखवता. ज्या पेशंटमध्ये ह्या जनुकाचा वाटा मोठा, तो बहुधा दुसऱ्या वाटेने आलेला. एका नावाखाली अनेक आजार कोंबलेत हे म्हणायला हा चांगला पुरावा.

पण मी स्वतः एका जनुकाच्या गोष्टीवर घर बांधणार नाही. काही शे माणसांचे निकाल आहेत. जर्मनीत त्याच दिशेने आले ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

आकडेमोड
लॅबउंदीर, जागा २८७ वगैरे ठीक पण लोकांना परिणाम किती छोटा ते सांगा. झेडएनएफ८०४ए चं धोक्याचं रूप असलं तर शक्यता साधारण १.१ पट. म्हणजे हजारात दहा जणांना होणार असेल तर अकरा जणांना. बातमीत मात्र "वेडाचे जनुक सापडले" असं छापून येतं. आणि सगळ्या जागांची बेरीज करून जो गुण काढतात तो सुद्धा आजाराकडे असलेल्या कलात माणसामाणसांत जो फरक असतो त्यापैकी सात टक्क्यांच्या आसपासच समजावून देतो. उरलेलं कुठे गेलं?

लॅबउंदीर
@आकडेमोड, बरोबर. काही जनुकांतल्या दुर्मिळ बदलांत आहे, काही अजून सापडलेलं नाही. दुर्मिळ बदल मात्र दणका देतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला तर दर चौघांपैकी साधारण एकाला पुढे सायकोसिस होतो. आणि सर्वात मोठी खोट ही की हे सॅम्पल बहुतांशी युरोपियन वंशाचे. सांगलीच्या मुलाला तोच गुण लावला तर ते सात टक्के पण हातात येत नाहीत.

खवट_आजोबा
म्हणजे एवढे पैसे घालून उत्तर "माहीत नाही".

तासगावचा_द्राक्षे
आजोबा तसं नाही. मी शेतकरी माणूस, बारावीपर्यंत सायन्स, पण सी-फोर जनुकाबद्दल २०१६ साली बातमी आली होती ती मी कापून ठेवलीय कारण ती आमच्या धंद्याची होती. माणसाच्या मेंदूत लहानपणी पेशींमधले जोड गरजेपेक्षा जास्त असतात आणि वयात येताना मेंदू स्वतःच छाटणी करतो. ती छाटणी करणाऱ्या कामगारांपैकी एक म्हणजे हे सी-फोर, आणि ज्यांच्यात ते जास्त काम करतं त्यांना हा आजार व्हायची शक्यता जास्त. आता द्राक्षाला आम्ही एप्रिलात खरड छाटणी करतो, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून काडी मागे कापतो. कापलं नाही तर नुसता पाला. पण नवीन मजूर आला आणि त्याने तेवढे डोळे पण उडवले, तर वेल मरत नाही, उभी राहते हिरवीगार, फक्त ऑक्टोबर छाटणीनंतर घड येत नाहीत. लोक म्हणतात वेल तर चांगली दिसते की. ताई तुमच्या भावाबद्दल वाचलं आणि मला तेच आठवलं. वय पण बघा, सतरा ते पंचवीस, छाटणीचंच वय.

मनकवडी
हे मी चोरणार आहे, कुटुंबांना समजावताना. परवानगी द्या.

तासगावचा_द्राक्षे
घ्या की. वर बेदाणा पाठवतो.

लॅबउंदीर
उपमा जबरदस्त. फक्त एक, छाटणी जास्त होते हे अजून पूर्ण सिद्ध झालेलं गृहीतक नाही, पुरावा त्या बाजूला झुकतोय एवढंच. आणि डोळे गेले म्हणजे गेलेच असं माणसात नसतं.

फुरसुंगीकर
अवांतर: तुमच्याकडे कुठे पाठवतात? आमच्या पुण्यात कोण विचित्र वागलं की "येरवड्याला न्या". मुंबईचे मित्र म्हणतात ठाण्याला.

चिंगी
कोकणात रत्नागिरी.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे नागपूर. खुद्द नागपूरकर काय म्हणत असतील, "घरीच रहा"?

निळावंती
हलकंच घेतलं, पण एक सांगते. ह्या चारपैकी एका गावात मी पाच आठवडे होते. तिथे एक आजी होत्या, त्यांना घरचे न्यायला येत नव्हते, बऱ्या होऊन कितीतरी वर्षं झालेली. रोज दुपारी पिशवी भरून बसायच्या. त्यामुळे "अमुकला पाठवा" वाचलं की मला ती पिशवी दिसते. तुम्हाला गप्प करायला नाही लिहिलं, चालू द्या.

फुरसुंगीकर
सॉरी. मनापासून. मी काढलेली काडी, मीच विझवतो.

गॉलवेकरीण
निळावंती, इथलीही तीच कथा. गॉलवे काउंटीत बॅलिनस्लो म्हणून गाव आहे, तिथलं मनोरुग्णालय १८३३ साली उघडलं आणि २०१३ साली बंद झालं. इथले म्हातारे लोक आजही "बॅलिनस्लोला पाठवतील" असं म्हणतात, अगदी आपल्या येरवड्यासारखं. पन्नासच्या दशकात एवढ्याशा देशात वीस हजारांच्या आसपास माणसं अशा ठिकाणी होती, त्यातली कितीतरी जमिनीच्या भांडणात नकोशी झालेली नाहीतर लग्नाशिवाय मूल झालेली. ज्या काउंटीत माणसं अशी कोंडली तिथेच आता त्यांच्या स्मरणशक्तीवर बारीक काम चाललंय.

बाय द वे डॉनोहो फक्त जनुकं करत नाहीत. लहानपणीची आबाळ, रक्तातलं इंटरल्यूकिन-६ नावाचं दाहाचं रसायन आणि आकलन ह्यांचा काय संबंध ह्यावर पण त्यांच्या गटाचं काम आहे. म्हणजे घरात काय झालं ते रक्तामार्गे मेंदूत जातं का असं काहीसं.

खवट_आजोबा
हे मात्र पटलं. म्हणजे एकत्र कुटुंब…

चिंगी
आजोबा!! एकत्र कुटुंबात पण आबाळ होते. आमच्याकडे सतरा माणसं होती आणि धाकट्या काकाला तीन दिवस ताप होता हे चौथ्या दिवशी कळलं.

समीरा_ठाणे
मी वेगळा प्रश्न विचारू का. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरत होतं, मुलाच्या काकांना हा आजार आहे कळलं आणि मोडलं. मग मुलाकडचे म्हणाले आम्ही जीन टेस्ट करून देतो. अशी टेस्ट असते का?

मनकवडी
"तुम्हाला स्किझोफ्रेनिया होईल की नाही" सांगणारी टेस्ट नाही. कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. अपवाद तो बाविसाव्या गुणसूत्राचा, आणि तिथे सहसा जन्मतः हृदयाचा दोष, टाळूचा प्रश्न अशा खुणा असतात, मग डॉक्टर स्वतःच तपासायला सांगतात. काका किंवा मामाला आजार असेल तर भाच्या-पुतण्यांना धोका जुन्या आकड्यांप्रमाणे चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शहाण्णव टक्के नाही. लग्न मोडायला लोकांना एवढा आकडा पुरतो, आणि मुलगा रोज दारू पितो ह्याला मात्र "लग्नानंतर सुधारेल".

गॉलवेकरीण
समीरा, तू विचारलंस ते बरं झालं. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. धागा काढताना हा तिसरा प्रश्न लिहिला होता आणि पुसून टाकला. चार टक्के. ठीक आहे.

निळावंती
ती चार टक्क्यांतली नसेल. असली तरी तिला तुमच्यासारखी आई असेल. आता मूळ प्रश्नाकडे, कारण धागा तासगाव-बॅलिनस्लो फिरून आला.

मला उपयोग झाला तो कॉग्निटिव्ह रिमेडिएशनचा. नाव मोठं आहे, असतं काय तर कॉम्प्युटरवर किंवा कागदावर लक्ष-स्मरणाचे सराव, हळूहळू अवघड होत जाणारे, आणि सोबत एक माणूस जो विचारतो "हे तू दुकानात कसं वापरशील?". नुसते खेळ खेळून काही होत नाही, मी सहा महिने मोबाईलवर खेळले, खेळात हुशार झाले, आमटीत नाही. माणूस आल्यावर फरक पडला. आणि आजोबा म्हणाले कामाला लावा, तर त्यातले दोन आणे हे. खरं काम पाहिजे, पण झेपेल असं, चुकल्यावर ओरडणार नाही अशा माणसाबरोबर.

मनकवडी
+१. अभ्यासही हेच सांगतात. २०११ च्या मोठ्या आढाव्यात ४० अभ्यास एकत्र केले, फायदा मध्यम आणि खरा, पण सोबत पुनर्वसन असेल तर रोजच्या जगण्यात तो जास्त उतरतो. गॉलवेत पण डॉनोहोंच्या गटाने नव्याने आजारी पडलेल्या तरुणांसाठी हा सराव आणि समाजात परत मिसळायची थेरपी एकत्र करून बघितलीय. म्हणजे ताई, तुमच्या प्रश्न दोनचं उत्तर तुमच्याच गावात आहे. जनुकातून उद्या औषध येईल तेव्हा येईल, पण आकलन हाच आजाराचा गाभा आहे हे दाखवून दिल्यामुळे त्यावर उपचार करावा हे तरी लोकांना सुचलं.

लॅबउंदीर
इथे थोडा असहमत. ते सुचायला जनुकांची गरज नव्हती. क्रेपेलिन ह्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ह्या आजाराला दिलेलं नावच "अकाली आलेला बुद्धिभ्रंश" अशा अर्थाचं होतं. १९०८ साली ब्लॉयलर ह्या स्विस डॉक्टरने स्किझोफ्रेनिया नाव दिलं, त्याचं मराठीत छिन्नमनस्कता झालं, आणि लोकांना वाटायला लागलं की एका माणसात दोन माणसं राहतात. नावातून आकलन गेलं आणि डॉक्टरांच्या तपासणीतून पण गेलं. जनुकवाल्यांनी फक्त परत आणलं.

मनकवडी
परत आणलं हे काय कमी झालं?

लॅबउंदीर
भावना पोचल्या. माझी ग्रँट पण त्यावरच आहे, जास्त बोलत नाही.

सुमेध७१
घरगुती उपाय सांगतो, शास्त्रीय नाही. आमच्याकडे खिशात छोटी वही. तोंडी यादी कोणी सांगायची नाही, बायकोने पण नाही. एका वेळी एक वस्तू. आणि दुकानात गर्दीच्या वेळी गल्ल्यावर नाही, सकाळी माल लावायला. मुलगा आता एका छापखान्यात गठ्ठे मोजतो, अर्धा दिवस. मोजणं कधी चुकत नाही, कारण घाई नाही.

गॉलवेकरीण
(तीन आठवड्यांनी)
अपडेट द्यायला आले. आई भावाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. ती दुसरी गोळी हळूहळू कमी करतायत, निम्म्यावर आलीय, हात थरथरत नाहीयेत अजून तरी. स्मरणशक्तीत फरक आहे का? आई म्हणते आहे, मला फोनवर कळत नाही, एवढ्यात काही म्हणणार नाही. मामाला हा धागा वाचून दाखवला. त्याला जनुकं वगैरे काही पटलं नाही, पण द्राक्षाचं ऐकून गप्प बसला, त्याची पण दोन एकर बाग होती पूर्वी. दुसऱ्या दिवशी वही आणून दिली. भावाला आता सकाळी खिळे वजन करून पुड्या बांधायला बसवतो, गल्ल्यावर नाही.

आणि भावाने स्वतः धागा वाचला. अख्खा, दोन दिवस लावून. म्हणाला निळावंतीताईंना सांग की मी पण हो हो म्हणतो. आणि द्राक्षेकाकांना विचार, मजुराने डोळे उडवले तर त्या वर्षी काय करता, वेल काढून टाकता का?

तासगावचा_द्राक्षे
काढत नाही हो. ओलांड्यावर एखादा झोपलेला डोळा राहिलेला असतोच, त्याला पेस्ट लावून, पाणी-खत बघून फोडायचा. त्याच्यावर नवीन काडी धरायची. त्या वर्षी घड कमी येतात, मजुराला शिव्या घालायच्या आणि वेलीला नाही. भाऊरायाला म्हणावं सीझनला ये, दाखवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

फुरसुंगीकर
आणि बेदाणा?

तासगावचा_द्राक्षे
तुम्हाला नाही, मनकवडी बाईंना. गेला कुरिअरने.